शेरेसाहेबांचं गोधडी मंडळ

माझ्या ताईचा नवरा जन्मात कधी कुणाच्या उपयोगी पडला नाही, पण चार माणसं कुठे काही काम करताना दिसली की मधोमध उभं राहून ते कसं करावं हे सांगायला तो कधी चुकला नाही. अशा माणसाला लोक टाळतात म्हणे. साफ खोटं. अशा माणसाला लोक खुर्ची देतात.

समोर मी त्याला भाऊजी म्हणते आणि अहोजाहो करते. इथे तो समोर नाही, तेव्हा अरेतुरेच बरं.

पाणीपुरवठ्याच्या कचेरीत त्याची नोकरी. नवीन नळ हवा असलेल्यांचे अर्ज आधी त्याच्या टेबलावर यायचे. नळ मंजूर करणं त्याच्या हातात नव्हतं, पण अडवणं होतं, आणि ते काम त्याने इमानेइतबारे केलं. कुणाची सही रेघेखाली उतरली, कुणी 'पूर्वेस'ऐवजी 'पूर्वेला' लिहिलं, की समासात लाल शाईने शेरा मारून कागद परत. लोक वरच्या मजल्यावर बादल्या चढवत राहायचे आणि हा पेनात शाई भरत राहायचा. कचेरीत त्याचं नाव शेरेसाहेब पडलं. पडलं कुचेष्टेने, पण त्याला ती पदवी वाटली. घरी येऊन ताईला त्याने कौतुकाने सांगितलं.

घरीही तेच. जेवायला बसला की पहिला घास गिळायच्या आत, "मीठ बेताचं आहे, पण बेत चुकलाय." पडदे लावले की, "उजवा अर्धं बोट खाली आलाय." मुलगी शाळेत धावण्यात दुसरी आली तेव्हा हा म्हणाला, "पहिली आलेली काय विमानाने गेली होती?" मुलगी शिकली, दुसऱ्या शहरात नोकरीला लागली आणि जी गेली ती गेली. आईला फोन करते, पण हा फिरायला गेल्याची वेळ साधून.

आणि माझी ताई गरीब गाय वगैरे नाही हं. ती गप्प बसते, एवढंच. गप्प बसणाऱ्या बाईला लोक गाय समजतात, कारण तिची शिंगं पाहायची वेळ आलेली नसते.

मी नर्स. सरकारी इस्पितळात बाळंतिणींच्या वॉर्डात माझी सगळी नोकरी गेली, म्हणून गल्लीत मला सगळे सिस्टर म्हणतात. खरी सिस्टर ज्या एकीची आहे ती मात्र नुसतं "अगं" म्हणते.

गोधड्यांचं सगळं माझ्याच एका वाक्यातून सुरू झालं. ताईच्या इमारतीत वरच्या मजल्यावर एक तरुण जोडपं भाड्याने राहायला आलं होतं. त्यातली पोरगी सातव्या महिन्यातच बाळंत झाली आणि बाळ माझ्या वॉर्डात काचेच्या पेटीत. इस्पितळाचं कापड धुऊन धुऊन घासणीसारखं खरखरीत झालेलं असतं. मी ताईकडे चहा पिताना सहज म्हटलं, "त्या बाळाच्या अंगाला ते कापड लावताना माझ्याच अंगावर काटा येतो." ताईने माझा कप भरला. दोन दिवसांनी तिने माझ्या हातात एक पुडकं ठेवलं. जुन्या, वापरून वापरून लोण्यासारख्या मऊ झालेल्या चादरीचं दुपटं, आत परकराचं अस्तर, आणि सगळीकडून बारीक धावदोरा. एकही गाठ वर नाही. गाठ टोचते ना.

बाळ घरी आलं. पोरगी त्याला कडेवर घेऊन खाली आली आणि ताईला म्हणाली, "मला शिकवा. त्या वॉर्डात अजून बाळं आहेत."

दोघींच्या चौघी झाल्या, मग आणखी. कोपऱ्यावरची बेकरीवाली आली. तिचा नवरा लकव्याने पडून होता आणि बेकरी ती एकटी हाकत होती. मैद्याच्या पोत्यांचं कापड उकळून, खळ काढून ती अस्तराला आणायची. दुपारी ताईच्या स्वयंपाकघरामागच्या खोलीत गोधडी जमिनीवर अंथरायची आणि चारी बाजूंनी बसून कडेकडून आत शिवत यायचं. आत येता येता गुडघ्याला गुडघे लागायचे. गोधडी अशीच शिवतात आणि बायकांचं बोलणंही असंच होतं, कडेकडून सुरू होतं आणि हळूहळू आत येतं. मी ड्यूटी सांभाळून जायची. त्या खोलीत मी ज्या गोष्टी ऐकल्या त्या वॉर्डात बाळंतकळा सोसतानाही कुणी बोलून दाखवलेल्या नाहीत.

तयार झालेलं निमूटपणे पोचायचं. वॉर्डातली दुपटी मी न्यायची. बाकीचं ज्याला लागेल त्याला. गल्लीच्या टोकाला गॅरेजवरच्या खोलीत एक म्हातारा एकटा राहायचा. बंद पडलेल्या थिएटरचा गेटकीपर. मोठा ताठ माणूस, कुणाकडे वाटीभर साखर मागायचा नाही. थंडी पडली तेव्हा ताईने एक जाड गोधडी कागदात गुंडाळून त्याच्या दाराच्या कडीला अडकवून ठेवली. दुसऱ्या दिवशी तो कागद, नीट घडी घातलेला, ताईच्या उंबऱ्यावर होता. म्हणजे त्याला कळलं होतं, आणि त्याला कळलंय हे आम्हाला कळलं होतं. पुढे रस्त्यात भेटला की टोपीला हात लावायचा. विषय संपला. देण्याघेण्यात याहून जास्त बोलायचं नसतं.

आणि मग शेरेसाहेब निवृत्त झाला.

निरोपसमारंभात मागच्या रांगेतून टाळ्या जरा जास्तच जोरात पडल्या. त्याला वाटलं प्रेम. घरी बसल्यावर पहिले काही दिवस त्याने केरसुणी कशी धरावी यावर ताईचं मार्गदर्शन केलं. मग एका दुपारी झोप लागेना म्हणून पाणी प्यायला उठला, मागच्या खोलीतून आवाज आला, दार ढकललं.

"हे काय चाललंय?"

"गोधड्या," ताई म्हणाली.

"ते दिसतंय. उद्देश काय?"

बेकरीवालीने दातांनी दोरा तोडला. "पांघरायला, साहेब."

"तसं नव्हे. धोरण काय? देता कुणाला? निकष काय?"

"ज्याला थंडी वाजते त्याला," पोरगी म्हणाली.

तो हसला. कचेरीत अडाणी अर्जदाराला हसायचा तसा. आणि आठवड्याच्या आत त्याने इमारतीचा वरचा हॉल मिळवला, भिंतीवर कापडी फलक लावला, 'मायेची ऊब गोधडी मंडळ', आणि ताईला न विचारता अध्यक्ष करून टाकलं. स्वतः मार्गदर्शक. सुईचं टोक कुठलं आणि नेढं कुठलं हे ज्याला चष्मा लावूनही सांगता आलं नसतं, तो मार्गदर्शक.

तुम्ही गेलातच कशाला, असं कुणी विचारेल. गेलो. पंखा होता, उजेड होता. आणि खरं सांगायचं तर पुरुषाने आपल्या कामाला 'मंडळ' म्हटलं की आधी बरंच वाटतं. बरं वाटण्याची किंमत मागाहून कळते.

हॉलमध्ये खुर्च्यांच्या रांगा. जमिनीवर बसणं त्याच्या शिस्तीत बसत नव्हतं. आता खुर्चीवर रांगेत बसून गोधडी शिवून दाखवा बघू. मग प्रत्येकीने आपापला चौकोन शिवायचा आणि ते नंतर जोडायचे, असं ठरलं. कुणी ठरवलं? मार्गदर्शकाने. शेजारणीशी बोलायचं तर मान वळवावी लागायची आणि मान वळवली की तो टेबलावर पट्टी आपटायचा. सुरुवातीला त्याचं भाषण, विषय दयाळूपणा. रोज दयाळूपणा. दया म्हणजे काय, दयेचे प्रकार किती, दया आणि करुणा यांतला फरक. ते संपेपर्यंत ताई उभी, कारण मार्गदर्शक बोलत असताना अध्यक्षाने बसणं बरं दिसत नाही. तिच्या पोटऱ्यांच्या शिरा सुजल्या होत्या. त्यावर रात्री मी तेल चोळायची, दयेचा प्रकार कितवा ते मला माहीत नाही.

एकदा त्याने पट्टी घेऊन टाके मोजले. वरची पोरगी मांडीवर बाळ घेऊन शिवायची, त्यामुळे तिचा दोरा जरा वाकडातिकडा जायचा. त्याने तिचा चौकोन सगळ्यांसमोर उंच धरला. "हे नवजात बालकाला देणार? यापेक्षा न दिलेलं बरं." पोरगी उठली, बाळाला खांद्यावर टाकलं आणि गेली. तो म्हणाला, "टीका सहन होत नाही लोकांना."

मग वाटपाचा समारंभ. आयजीच्या जिवावर बायजी उदार, तसला. टाके आमचे, चिंध्या शेजाऱ्यांच्या, पोती बेकरीवालीची, आणि दान शेरेसाहेबांचं. प्रमुख पाहुणा म्हणून त्याचाच जुना साहेब. ज्यांना द्यायचं त्यांना स्टेजवर रांगेत उभं केलं होतं. गेटकीपरला "सभा आहे, चहा आहे" एवढंच सांगून आणलं होतं. तो थिएटरचा जुना कोट घालून आला होता, पितळी बटणांचा, बटणं घासून चकचकीत केलेली. त्याला वाटलं असेल, सभेला जायचंय.

माईकवर शेरेसाहेब वाचू लागला. "यापुढील लाभार्थी. वृद्ध, निराधार, एकाकी. ज्यांना या जगात कोणीही नाही."

गेटकीपरने मागे वळून पाहिलं, हे कुणाबद्दल चाललंय म्हणून. मग त्याला कळलं. पाहुण्याने गोधडी त्याच्या हातात दिली, फोटोवाला म्हणाला, "इकडे बघा, जरा वर धरा." म्हाताऱ्याने गोधडी शेजारच्या खुर्चीवर ठेवली.

"माझ्याकडे आहे," तो म्हणाला, आणि कठडा धरून एकेक पायरी उतरून गेला.

शेरेसाहेब माईकवरच म्हणाला, "काही लोकांना दयेची किंमत नसते."

दुसऱ्या दिवशी सकाळी ताईच्या उंबऱ्यावर गेटकीपरच्या कडीला अडकवलेली ती पहिली गोधडी होती. धुतलेली, वाळवलेली, घडी घातलेली. बाहेर थंडी अशी की नळाचं पाणी हाताला चावत होतं. ताईने ती उचलून छातीशी धरली. त्या दुपारी ती हॉलमध्ये गेली नाही. डोकं दुखतं म्हणाली.

मग एकेकीचं एकेक दुखायला लागलं. बेकरीवालीचे गुडघे गेले. पहाटे मैद्याची पोती उतरवणारे गुडघे ते, खुर्चीवर बसून दुखायला लागले! कुणाची सासू आजारी, कुणाचा दीर येणार. मला ड्यूट्या लागल्या. आणि ताई रोज दुपारी भाजी आणायला जायला लागली. त्या दिवसांत त्यांच्या घरात इतकी भाजी आली की शेरेसाहेबाने तिच्यावरही शेरा मारला.

आम्ही सगळ्या बेकरीच्या मागे होतो. दुपारी भट्टी विझवलेली असते पण भिंती ऊबदार असतात. पोती बाजूला सारून जमिनीवर गोधडी अंथरली. पोरगीला बोलावून आणलं, ती नको नको म्हणत होती. ताईने तिचा तो वाकडा चौकोन पिशवीतून काढला. हॉलमधून उचलून आणला होता तिने. सगळ्यांनी मिळून तो मधोमध जोडला. पुन्हा गुडघ्याला गुडघे लागले.

आणि हा? हा ठरल्या वेळी हॉल उघडायचा, पंखे लावायचा, टेबलामागे बसायचा. समोर रिकाम्या खुर्च्या. कुणी विचारलं तर म्हणायचा, "बायकांत सातत्य नसतं." मला दया आली का? नाही आली. आयुष्यभर लोकांना बाकड्यावर बसवून ठेवणाऱ्याने थोडं बसून पाहिलं, इतकंच मला वाटलं.

एका दुपारी फलकाचा एक कोपरा सुटून खाली लोंबला. वाकडं याच्या डोळ्याला खपत नाही. टेबलावर खुर्ची, खुर्चीवर हा. झाडूवाली जिना झाडत होती म्हणून तिला ओरडणं ऐकू आलं. मी बेकरीकडे निघाले होते, तिची हाक ऐकून धावत पोचले तर मांडीचं हाड मोडलेलं, पाय भलत्याच दिशेला, आणि तो झाडूवालीला सांगत होता की खुर्चीचा एक पाय आखूड आहे, याची नोंद घ्या.

झाडूवालीनेच बेकरीत जाऊन ताईला आणलं. ताईच्या बोटात अंगुस्तान तसंच होतं आणि खांद्याला सुई टोचलेली, मागे लाल दोरा लोंबतोय. त्याने तो दोरा पाहिला. माणूस वेदनेने पांढरा पडला होता, पण नजर शेऱ्याचीच.

"कुठे होतीस तू?"

"गोधड्या शिवत होते."

"कुठे?"

ताई त्याच्या डोक्याखाली ओढणीची घडी सरकवत होती. तिने हात थांबवला नाही. "तुम्ही नव्हतात तिथे," ती म्हणाली.

इतक्या वर्षांत ही शिंगं मी पहिल्यांदा पाहिली.

ऑपरेशन झालं, हाडात सळई घातली आणि त्याला घरी आणून बाहेरच्या खोलीत खाटेवर टाकलं. ताईला आता घर सोडता येईना. तिसऱ्या-चौथ्या दुपारी बेकरीवाली पोत्यांचं कापड काखेत मारून दारात उभी. मागे पोरगी, तिच्यामागे बाकीच्या.

"ताईला यायला जमत नाही, तर आम्ही आलो."

"इथे?" शेरेसाहेब खाटेवरून म्हणाला. "रुग्णाच्या खोलीत? रुग्णाला शांतता—"

"भाऊजी," मी म्हटलं, "पाय बरा होईस्तोवर तुम्हाला लघवीचं भांडं माझ्याच हातून मिळणार आहे. विचार करून बोला."

त्याने तोंड भिंतीकडे वळवलं. निवृत्त नर्सच्या हातात सत्ता अशी थोडीच असते, पण असते ती पक्की. हो, तोवर मीही निवृत्त झाले होते, माझ्या निरोपाला भाषणं झाली नाहीत.

खाटेला लागून गोधडी अंथरली गेली. पहिले काही दिवस तो वरून शेरे मारायचा. "रंगसंगती नाही." "तिकडचा दोरा सैल आहे." कुणी उत्तर द्यायचं नाही. रागाने नव्हे, ठरवूनही नव्हे. गप्पाच अशा रंगायच्या की ऐकू यायचं नाही. शेऱ्याला उत्तर मिळालं नाही की शेरा मारणाऱ्याचं काय होतं ते मी तेव्हा पाहिलं. आधी आवाज चढतो. मग खाकरणं. मग डोळे मिटून झोपेचं सोंग. पण सोंग घेतलेल्याचे कान उघडे असतात.

त्या कानांवर काय काय पडलं! बेकरीवाली रोज सकाळी नवऱ्याची दाढी करते आणि तो रडतो, म्हणून ती तेव्हा मुद्दाम कर्कश गाणी म्हणते. पोरगीचं मूल अजून उभं राहत नाही आणि ती शेजारच्या मुलांकडे पाहणंच टाळते. आणि एक दिवस कुणीतरी विचारलं, "ताई, लेक काय म्हणते?" ताई सुईकडे बघतच म्हणाली, "बरी आहे. हे फिरायला जायचे तेव्हा फोन करायची. आता हे घरातच, म्हणून मी गच्चीवर जाऊन बोलते."

खाटेवर हालचाल नाही. पण डोळ्याच्या कोपऱ्यात पाणी होतं. नर्सला तसलं पाणी पाहायची सवय असते, निम्मं औषधांनी येतं. मी पुसलं नाही.

मग एकदा पोरगीचा दोरा असा काही गुंतला की सगळी कड उसवावी लागणार होती. पोरगी रडकुंडीला आली. बेकरीवालीने तो तुकडा उचलला आणि सरळ शेरेसाहेबाच्या छातीवर टाकला. "साहेब, रिकामे पडलाय. एवढं उसवून द्या."

मला वाटलं आता हा दयेचे प्रकार सांगणार. त्याने तुकडा डोळ्यांजवळ नेला. टाचणी मागितली. एकेक टाका टोकाने उचलून, कापडाला धक्का न लावता त्याने सगळी कड उसवली आणि दोरासुद्धा अखंड काढून बोटाला गुंडाळून ठेवला. काय सुरेख उसवलं होतं, मेल्याने! का नाही उसवणार? जन्म लोकांनी केलेलं उसवण्यातच गेला होता, हात बसलेला होता.

त्या दिवसापासून उसवायचं सगळं त्याच्याकडे. जुने शर्ट, उशांचे अभ्रे, पडदे, शिलाई काढून सुटे करायचे. तोंड चालूच असायचं. "हा शिंपी चोर होता." "ही टीप दोनदा का मारली?" पण हात चालू असले की तोंडाचं फार लागत नाही.

काठीवर चालायला लागला तेव्हा ताईने कपाट उघडलं आणि ती घडी घातलेली गोधडी त्याच्यासमोर ठेवली. "ही गेटकीपरला द्यायची आहे. तुम्ही नेऊन द्या."

"मी? मी कशाला? कुणाबरोबर तरी पाठव."

"तुम्ही."

गॅरेजचा जिना उभा आहे, म्हणून मी सोबत गेले. पायरीपायरीवर थांबत, धापा टाकत वर पोचला. म्हाताऱ्याने दार उघडलं पण बाजूला झाला नाही.

शेरेसाहेबाने घसा साफ केला. "आमच्या मंडळाच्या वतीने—"

मी त्याच्या बरगडीत कोपर मारलं.

"म्हणजे... त्या दिवशी बोलताना माझी शब्दरचना जरा..." पुढे त्याला सुचेना. माफी हा शब्द त्याने कधी कुणाच्या अर्जातसुद्धा खपवून घेतला नव्हता. काठी थरथरायला लागली. म्हाताऱ्याने ते पाहिलं आणि खुर्ची पुढे सरकवली. "बसा. जिना वाईट आहे." त्याने पाणीही दिलं. मी त्याच्या जागी असते तर जिन्यावरून खाली ढकललं असतं.

पाणी पिऊन झाल्यावर शेरेसाहेबाने गोधडी पुढे केली. एवढंच म्हणाला, "बायकोने शिवलीय."

"मला माहीत आहे," म्हातारा म्हणाला. "पण फुकट नाही घेणार." तो आत गेला आणि तो पितळी बटणांचा कोट घेऊन आला. "थिएटर काही परत उघडत नाही. कापड चांगलं आहे. तुमच्या कामाला येईल."

शेरेसाहेबाने कोटाची शिवण बोटाने चाचपली. "पक्की शिलाई आहे," तो म्हणाला. "उसवायला वेळ लागेल." त्याच्या तोंडून कौतुक म्हणून ऐकलेला हा पहिला शेरा.

आता म्हातारा कधीमधी ताईकडे येतो. आत बसत नाही, दारातच खुर्ची टाकतो, आत येणाऱ्या बायकांना जागा करून देतो. कोटाची बटणं गोधडीला लावावीत की नाही यावरून त्याचं आणि शेरेसाहेबाचं भांडण जुंपलं होतं. बटणं टोचतात, म्हणून ताईने ती बरणीत टाकली. पोरगीचं मूल उशिरा का होईना उभं राहिलं, खाटेचा पाय धरून. शेरेसाहेब सुधारला म्हणाल तर नाव काढू नका. कुणी नवं आलं की सांगतो, मंडळाची स्थापना मी केली.

मध्यंतरी लेक येऊन गेली. आली तेव्हा सगळ्या बायका बसलेल्या आणि हा खाटेच्या काठावर मांडीवर पडदा घेऊन. ती दारातच थांबली. याने वर पाहिलं. इतक्या दिवसांनी आलेल्या लेकीला माणूस काय म्हणतो? हा म्हणाला, "तुझ्या स्कर्टची दुमड सुटलीय एका बाजूला."

"असू दे, बाबा," ती म्हणाली आणि ताईशेजारी जाऊन बसली.

तो दुपारभर त्या दुमडीकडे बघत होता. संध्याकाळी ती आंघोळीला गेली, स्कर्ट खुर्चीवर होता. बाहेर येऊन बघते तर सगळी दुमड उसवून, दोरा गुंडाळून ठेवलेला आणि स्कर्ट पायघोळ लोंबतोय. शिवायचं त्याला येतच नाही ना. खाटेवर ओशाळून बसला होता.

"अहो, सकाळी गाडी आहे तिची," ताई म्हणाली. "आता हे कोण शिवणार?"

लेक आधी बापाकडे बघत राहिली, मग हसायला लागली. तिला हसू आवरेना. डोळे पुसत पुसत तिने सुई शोधली, आणि ताईने एका बाजूने, तिने दुसऱ्या बाजूने दुमड घालायला घेतली. शेरेसाहेब मधे दिवा धरून बसला होता, आणि दिवा हलतो म्हणून दोघीही त्याला बोलत होत्या.